टोकियोहून आखलेल्या एव्होराच्या वाटा

मी सातारा सोडलं त्या सकाळीसुद्धा आई-बाबा अजिंक्यताऱ्यावर जाऊन आले. मुंबईच्या विमानतळावर नेणारी गाडी नऊ वाजता दारात येणार होती. हॉलभर बॅगा उघड्या पडल्या होत्या, माझी लेक ईरा तेव्हा जेमतेम रांगत होती आणि प्रत्येक बॅगेत जाऊन बसत होती, लोणच्याची बरणी वजनकाट्यावर चढत-उतरत होती. अशा वेळी हे दोघं बूट घालून निघाले. मी म्हटलं, "आजचा दिवस राहू दे ना." आई म्हणाली, "तू चाललीस म्हणून किल्ला काय खाली उतरून येणार आहे का?" आणि गेले. परत आले तेव्हा आईच्या रुमालात करवंदं बांधलेली होती. ती मी गाडीत बसल्यावर उघडली आणि खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत संपवली. रडायचं ठरवलेलं राहूनच गेलं, कारण बोटं चिकानं चिकटली होती आणि ईराच्या तोंडाला लागू नये म्हणून मी पाण्याची बाटली शोधत होते.

माझी आई साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लोकांचे ट्रंक कॉल जोडून द्यायची. कुणाचा मुलगा बडोद्याला, कुणाची बहीण बेळगावला, सगळ्यांची गाठ आई घालून द्यायची. पुढं घरोघरी डायल फिरायला लागले आणि तिला टेबलाशी बसवलं, पण आवाज काही टेबलाशी बसला नाही. मंडईत ती भाजीचा भाव विचारायची आणि पाठमोरे लोक वळून म्हणायचे, "तुम्ही एक्स्चेंजमधल्या ना?" किल्ल्यावर जाता-येता ती बोलायची आणि बाबा ऐकायचे. बाबा म्हणायचे, "मला धाप लागते ती चढानं नाही, हिला उत्तरं द्यावी लागतात म्हणून."

बाबा गेले आणि आईचं बोलणं बंद झालं. किल्लाही बंद झाला. मी रोज फोन करायची. जेवलीस का? हं. शेजारच्या काकू आल्या होत्या? हं. पाय दुखतो का? हं. जिनं आयुष्यभर गावाचं बोलणं जोडून दिलं तिच्याकडून मला एक अनुस्वार मिळत होता. दोन दिवाळ्या अशा गेल्यावर माझा धाकटा भाऊ केदार आणि मी फोनवर ठरवून टाकलं की आईनं एकटं राहायचं नाही. परदेशातल्या मुलांकडे आईबापांना पाहुणे म्हणूनच येता येतं, म्हणून तीन महिने त्याच्याकडे, तीन महिने माझ्याकडे, मग पुन्हा फेरा. साताऱ्याच्या घराला कुलूप लावून ठेवायचं. सर्कशीचा मुक्काम ठरवावा तसं आम्ही आईचं वेळापत्रक ठरवलं. आई म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

हे वाक्य आईच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, चला, मान्य केलं. मला मात्र तो लांबवलेला हं वाटला.

केदार दक्षिण पोर्तुगालमध्ये, एव्होरा नावाच्या शहरात असतो. तिथल्या विद्यापीठात झाडं आणि कोरडी जमीन यांच्यावर त्याचं संशोधन चालतं. शहर फार जुनं आहे. भोवती तट, आत पांढऱ्या घरांच्या बोळी, मधोमध रोमन लोकांनी बांधलेल्या देवळाचे खांब. फेब्रुवारीच्या शेवटी आई तिथं पोचली आणि खुर्ची ओढून खिडकीत बसली. केदार सकाळी कामावर जाताना ती खिडकीत, संध्याकाळी आला तरी खिडकीत. "ताई, मी देऊळ दाखवलं, चौक दाखवला. सगळ्याला हं म्हणते," तो म्हणाला. "तू लोकांना चालायला नेण्याचंच काम करतेस ना? मग आईला चालव. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असं काहीतरी आख. मी गाडीनं सोडेन, आणेन."

माझं काम खरं म्हणजे फुशारकी मारण्यासारखं नाही. मी जपानला आले ती मंदारची बायको म्हणून. टोकियोच्या पूर्वेला एदोगावा नावाचा भाग आहे, त्यातल्या हिगाशी-कसाईत आम्ही राहतो. साताऱ्याच्या मावशीनं पत्ता ऐकला तेव्हा म्हणाली, "नाव तरी जरा बरं बघायचं." सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी ईराला सायकलवर पुढं बसवून स्टेशन, बाग, कोन्बिनी नावाचं दिवसरात्र उघडं असणारं दुकान आणि परत घर, एवढंच फिरले. मग वॉर्डाच्या, म्हणजे पालिकेच्या, वर्गात जपानी शिकले, आणि एका लहानशा सहल-कचेरीत बाइतो मिळाला. बाइतो म्हणजे आठवड्यातले थोडे तास काम. थोड्या तासांचे पुष्कळ तास कधी झाले ते कळलं नाही. टोकियोत राहणाऱ्या परदेशी लोकांना आम्ही आसपासच्या डोंगरांत एक दिवसाच्या पायी सहलींना नेतो. बहुतेक जण निवृत्त, कुणाचा गुडघा बदललेला, कुणाला दर तासाला बाथरूम लागणारं.

तिथं मला ओनो-सान, म्हणजे ओनोबाई, भेटल्या. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या, बारीक, आणि कुठल्याही वाटेवर माझ्या पुढं. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक शिओरी, म्हणजे सहलीची घडीची पुस्तिका. कुठं निघायचं, कुठं बसायचं, पाऊस आला तर काय, आणि नाही आला तर सावली कुठं, सगळं त्यात. दुसरी शितामी. कुठल्याही वाटेवर पाहुण्यांना नेण्याआधी आपण स्वतः ती चालून यायची, सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाच्या चालीनं. ओनो-सान प्रत्येक बाकावर बसून बघतात. बसल्याशिवाय बाक शिओरीत येत नाही. स्वच्छतागृहाचं दार आतून लागतं का, तेही बघतात. पहिल्या वेळी मला हसू आलं होतं. आमच्या साताऱ्यात सहल म्हणजे पिशवीत भडंग टाकायचं आणि पहिली एस्टी धरायची. वाटेत काय आहे ते वाट सांगेल. पण दोन-चार शितामी केल्यावर मलाच सवय लागली. आता मी साताऱ्याला गेले तरी मंगल कार्यालयात शिरताना आधी जिन्याच्या पायऱ्या बघते.

आईसाठी एव्होराच्या वाटा आखायच्या आणि तिथं जाऊन बघता येणार नाही, हे ओनो-सानना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "शितामी न करता शिओरी?" एवढंच म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या स्वतःचा डबा घेऊन माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "चला, डोळ्यांनी तरी चालून येऊ."

मग रोज दुपारी आम्ही दोघी स्क्रीनवर पोर्तुगालमध्ये असायचो. एक वाट शहराला पाणी आणणाऱ्या जुन्या दगडी कमानींच्या कडेनं बाहेर पडत होती. शहरात त्या कमानींमध्ये लोकांनी चक्क घरं बांधलेली, एका कमानीत दार, दुसरीत खिडकी. शहराबाहेर पडलं की गवत, मेंढ्या आणि विजेच्या खांबांवर बगळ्यांच्या मोठ्या भावंडांसारखे दिसणारे पक्षी घरटी करून बसलेले. एक वाट कमी उंचीच्या टेकडीवर जात होती, माथ्यावर जुन्या पवनचक्क्या. केदार म्हणाला, "आईला ही टेकडी दाखवली तर ती विचारेल, किल्ला कुठाय?" आणखी एक वाट बाटलीच्या बुचाच्या झाडांमधून गोल मांडलेल्या प्रचंड दगडांपाशी पोचत होती. ते दगड रोमन लोकांच्याही कितीतरी आधी कुणीतरी उभे केलेले. ओनो-सान त्या दगडांचे फोटो मोठे करून करून बघत बसल्या आणि भात गार झाला.

मला गंमत वाटायला लागली होती. जेवता जेवता ओनो-सान म्हणाल्या की जपानीत पावाला पान म्हणतात, तो शब्द पोर्तुगीज खलाशांनी आणलेला. मी म्हटलं, आमचा पाव त्यांच्याकडूनच आला, बटाटा, साबण आणि पगारसुद्धा. शेकडो वर्षांपूर्वी एकाच गावचे फेरीवाले दोघींच्या दारावर येऊन गेले आणि आम्हाला पत्ता आत्ता लागला. आईनं त्यांच्या गावात खिडकीत बसून राहावं हे मला आणखीच पटेना.

पहिल्या शिओऱ्या मी मराठीत, मोठ्या अक्षरात केल्या. बसायच्या जागा, पाण्याच्या जागा, कंटाळा आला तर कुठून परत फिरायचं. आई निमूटपणे चालून आली. केदार फोटो पाठवायचा. कमानीखाली आई. पवनचक्कीशी आई. सगळीकडे शाळेच्या फोटोत उभी असल्यासारखी. कसं वाटलं? हं. पायाला त्रास? हं. मी शिओरीत आणखी एक बाक वाढवायची.

बुचाच्या रानात मात्र वेगळं झालं. केदारनं फोन तिच्या हातात दिला आणि ती म्हणाली, "अशू, ह्या झाडांवर आकडे कसले रंगवलेत?"

मी उडालेच. आईनं प्रश्न विचारला होता. मी घाईघाईत म्हटलं, "केदारला विचार ना, तो झाडवालाच आहे." आणि पलीकडून मला ते दोघं बोलताना ऐकू आले. झाडाची साल काढली की तिचं बूच करतात, पुन्हा तेवढी जाड साल यायला नऊ वर्षं लागतात, म्हणून ज्या वर्षी सोललं त्याचा शेवटचा आकडा खोडावर रंगवून ठेवतात. आई म्हणाली, "म्हणजे सोलून काढलं तरी झाड जगतं?" केदार म्हणाला, "जगतं की." मग तिनं खोडावरून हात फिरवल्याची खरखर फोनात ऐकू आली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात ओनो-सानना सांगितलं, आणि त्यांनी हळूच टाळ्या वाजवल्या.

या यशानं माझ्या डोक्यात हवा गेली. पुढची वाट मी आईनं एकटीनं जायची आखली. एव्होरातून पूर्वी एक छोटी रेल्वे निघायची, ती कधीच बंद पडली, रूळ उचलले आणि त्या जागी चालणाऱ्यांसाठी नि सायकलींसाठी वाट झाली. सपाट, सरळ, चुकायला वाव नाही. केदारचं त्या दिवशी रानात काम होतं. तो आईला शहराबाहेर वाटेवर सोडणार, ती रमतगमत पुढच्या स्टेशनापर्यंत जाणार, तो दुपारनंतर तिथून तिला गाडीत घेणार. नकाशात स्टेशनाचं नाव ठळक होतं. मी शिओरीत लिहिलं: इथं स्टेशन. स्वच्छतागृह, पाणी, चहा, बसायला बाक. सावलीत डबा खाणे.

कुठल्याही साताऱ्यातल्या माणसानं विचारलं असतं की रेल्वेच बंद झाली तर स्टेशनावर चहा कोण विकतं? मला सुचलं नाही. ओनो-सानना तर नाहीच नाही. टोकियोत स्टेशन म्हणजे स्टेशन. डोंगरात दिवसाला चार गाड्या थांबत असल्या तरी तिथं स्वच्छ संडास असतो, थंड-गरम पेयांचं यंत्र असतं, बाकावर कुणीतरी विणलेली गादी असते. इतकी वर्षं इथं राहून माझ्या डोक्यात स्टेशन या शब्दाबरोबर पाणी आणि संडास आपोआप येतात. ओनो-सान नकाशाकडे बघून म्हणाल्या होत्या, "स्टेशन आहे ना, मग काळजी नाही." त्या वाटेवर गाड्या जात नाहीत, त्यामुळे नकाशात एरवी दिसतात तसे रस्त्याचे फोटोही नव्हते. त्यांच्या आयुष्यात फोटोतसुद्धा न बघता शिओरीत घातलेला तो पहिला बाक असावा.

तिकडे दुपार झाली तेव्हा आमच्याकडे रात्रीच्या जेवणाची वेळ होती. मी आईला फोन लावला. उचलला नाही. ताटं वाढली, पुन्हा लावला. केदारला लावला तर तो रानात, त्याला रेंज नाही. ईरा म्हणाली, "ममा, दाइजोबु, आजी इज फाइन." तिच्या त्या जपानी-इंग्रजी धीरानं मला काही धीर आला नाही. मग मी इतक्या उशिरा त्या स्टेशनाचं नाव टाकून कुणी सायकलवाल्यानं काढलेले फोटो शोधले. छप्पर पडलेलं, दारं विटांनी बुजवलेली, आत अंजिराचं झाड वाढलेलं. मंदारनं माझ्या खांद्यावरून बघितलं आणि आमटी गॅसवर परत ठेवली. ऊन तापलं होतं, आईच्या बाटलीत किती पाणी असेल, तिला कुणाशी बोलता येणार नाही आणि ती बोलणारही नाही. ती त्या भिंतीशी बसून राहील, आणि कुणी विचारलंच तर हं म्हणेल. मला हेच दिसत होतं.

फोन आला तो आईचाच.

"अशू, तुझं स्टेशन बघितलं मी! अगं तिथं भूतसुद्धा चहा विकत नाही!"

मी फोन कानापासून जरा लांब धरला. आवाज एक्स्चेंजमधला होता.

पुढचा तासभर ती बोलत होती. मी फक्त हं म्हणत होते. स्टेशनापर्यंत पोचली तेव्हा बाटली रिकामी झाली होती. संडास नाही, नळ नाही. "आधी मी तुझ्या नावानं खणखणीत शिव्या दिल्या. मोठ्यानं दिल्या, कुणाला कळणार आहेत?" मग पलीकडे एक घर दिसलं. अंगणात काळे कपडे घातलेली एक म्हातारी कपडे वाळत घालत होती. आई सरळ फाटकाशी गेली आणि मराठीत म्हणाली, "बाई, पाणी द्या, आणि आधी मोरी दाखवा." हातानं काय दाखवलं असेल ते असो, त्या बाईला समजलं. मारिया तिचं नाव. आई तिला पहिल्यापासून मारियाबाईच म्हणाली.

मारियाबाईनं तिला स्वयंपाकघरात बसवलं. लाकडी खलबत्त्यात मीठ, लसूण आणि मूठभर कोथिंबीर घेतली आणि कुटायला लागली. "मी म्हटलं, अहो, तुम्ही ठेचा करताय! मिरची कुठाय?" मिरची नव्हती. आईनं तिच्या हातातून बत्ता घेतला, कारण ती बाई फार हळू कुटत होती. मग त्यावर तेल, उकळतं पाणी, अंडं, आणि शिळ्या पावाचे तुकडे. "आपला कुस्कराच की गं. ओला केलेला. चव बरी होती, तिखट असतं तर आणखी बरी लागली असती."

भिंतीवर एका माणसाचा फोटो होता. मारियाबाईनं त्याच्याकडे बोट केलं आणि मग जमिनीकडे. आईनं पिशवीच्या तळाशी गेलेला फोन काढून बाबांचा फोटो दाखवला; कुटण्याच्या आवाजात तो वाजलेला तिला कळलंच नव्हतं. आणि बाबांचं सगळं सांगितलं. दवाखाना, शेवटचा आठवडा, ती चहा आणायला खाली गेली तेव्हाच बाबा गेले ते, सगळं मराठीत. मारियाबाई तिच्या भाषेत बोलत होती, ही आपल्या भाषेत, दोघी शेंगा सोलत होत्या. केदार शोधत आला तेव्हा पाटीभर शेंगा सोलून झाल्या होत्या आणि आई त्याला म्हणाली, "थांब, एवढं संपवू दे."

मी विचारलं, "आई, आम्हाला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्हाला सांगायला गेलं की तुम्ही आधीच डोळे पुसायला लागता," ती म्हणाली. "मग मीच उठून तुम्हाला पाणी द्यायचं. तिला एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून शेवटपर्यंत सांगता आलं."

दुसऱ्या दिवशी मी ओनो-सानना हे सगळं सांगितलं. स्टेशनाचं ऐकून त्या उभ्या राहिल्या, माझ्यापुढं वाकल्या आणि क्षमा मागू लागल्या. मी त्यांना बळेच बसवलं आणि शेंगांपर्यंतचं सांगितलं. त्यांनी कपातला चहा संपवला. मग म्हणाल्या, "शितामी म्हणजे सगळ्या चुका आपण आधी करून घ्यायच्या, पाहुण्यांसाठी एकही ठेवायची नाही. या वेळी एक ठेवली गेली. बरं झालं."

त्यानंतर आईनं माझ्याकडे वाट मागितली नाही. मी आखून पाठवली तर म्हणायची, "राहू दे, मी बघते काय लागतं ते." ती रोज सकाळी तटाच्या दरवाजातून बाहेर पडायची. कधी मारियाबाईकडे, तिथवर केदार सोडायचा. कधी नुसतीच शेतांमधून. एकदा मेंढपाळाबरोबर चालत गेली आणि त्याच्या कुत्र्याला हाड् म्हणायला शिकवून आली. हाड् म्हटलं की कुत्रं बसतं, एवढं तिचं पोर्तुगालमधलं काम. मला लांबच लांब आवाजी निरोप यायचे. ते मी सकाळी सायकलवरून स्टेशनाला जाताना ऐकायची आणि सिग्नलला एकटीच हसायची.

इकडे मी तिची खोली तयार करत होते. न्हाणीत बसायला स्टूल आणलं, तिच्या हाताला येईल अशी खाली खुंटी लावली. कचऱ्याच्या डब्यांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या: जळणारा, न जळणारा, बाटल्या. वार चुकला की इथं शेजारी बोलत नाहीत, पण पिशवी तशीच राहते, म्हणून वारही लिहिले. आईला आवडतील अशा वाटा हेरून ठेवल्या, यातल्या सगळ्या मी स्वतः चाललेल्या.

आणि मग मे महिन्यात तिचा फोन आला.

"अशू, मी साताऱ्याला जाते. राहायलाच जाते."

"म्हणजे? तिथून इकडे यायचंय ना?"

"येईन की. पाहुणी म्हणून येईन, पंधरा दिवस राहीन, ईराला धपाटे थापायला शिकवीन. पण घराला कुलूप नाही लावायचं."

"एकटी काय करणारेस तिथं?"

"इथं काय दुकटी होते? केदार सकाळी जातो, संध्याकाळी येतो. तू पण तशीच. तुमची चूक नाही त्यात."

"आणि पडलीबिडलीस तर?"

"तर पडेन. शेजार आहे, फोन आहे. जन्मभर लोकांना फोन जोडून दिले, माझा मला नाही लावता येणार?"

मी चिडले. आम्ही इतकं केलं, असं काहीबाही म्हणाले. आई शांतपणे ऐकून घेत होती, पूर्वी ट्रंक कॉलला उशीर झाला म्हणून ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाचं ऐकायची तशी. मग म्हणाली, "तूच मला चालायला लावलंस ना? आता चालायला लागले तर विचारतेस, कुठं चाललीस."

यावर मी हं म्हटलं. मी फोन ठेवला आणि तिच्या खोलीत जाऊन बसले. दुखलं होतं, खोटं कशाला सांगू. माझा बेत इतका चांगला लागू पडला होता की आई माझ्याकडे येणारच नव्हती. ईरा दारात येऊन जपानीत म्हणाली, "मग ही खोली कुणाची?" मी म्हटलं, तुझी. ती विचार करून मराठीत म्हणाली, "आजी येतील तेव्हा आजीची." आजीला ती अहो-जाहो करते, जपानी शाळेचा परिणाम.

हे सगळं मी तुम्हाला का सांगते आहे? हे वाचणाऱ्या तुमच्यातले काही तिकडे गावीच राहिले, काही माझ्यासारखे निघून आले. निघून आलेल्यांना रात्रंदिवस एकच घोर असतो, मागं राहिलेल्यांचं कसं होईल. त्यावर आपल्याला सुचणारा उपाय म्हणजे त्यांना उचलून आपल्याजवळ ठेवणं. आई इथं आली असती, खिडकीत बसली असती, आणि मी ऑफिसातून आल्यावर समाधानानं म्हणाले असते, चला, आता सगळे एका जागी. साताऱ्याची काळजी संपली असती. साताराही संपला असता, हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. आईच्या लक्षात आलं होतं, आणि तिनं ते माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी ठरवलं. तेच मला जास्त बरं वाटतं. "तुम्ही म्हणाल तसं" म्हणणारी आई जवळ असण्यापेक्षा "नाही" म्हणणारी आई लांब असलेली चालेल, असं मी मंदारला सांगते. तो म्हणतो, सोमवारी असं म्हणतेस आणि मंगळवारी विमानाची तिकिटं बघतेस. तेही खरं आहे.

आई ज्या दिवशी साताऱ्याला पोचायची होती त्या दिवशी मी आणि ओनो-सान पश्चिमेकडच्या डोंगरात एक नवी वाट बघायला गेलो होतो. दमून, बुटांना चिखल लावून मी संध्याकाळी कसाई स्टेशनाच्या पायऱ्या उतरत होते, तेव्हा फोन वाजला.

"पोचले गं घरी," आई म्हणाली. खिडक्या उघडल्या होत्या, धूळ बोटभर होती, काकूंनी दूध आणून ठेवलं होतं, टाकीला पाणी होतं. पंख्याचा आवाज येत होता आणि त्यावरून तिचा आवाज. केदारनं वाटेत खायला दिलेलं तिनं मुंबईच्या गाडीवाल्याला दिलं होतं, आणि त्याच्या घरचं सगळं विचारून घेतलं होतं. मग मध्येच थांबून म्हणाली, "आणि तू? तू पोचलीस का घरी?"

मी सायकलींच्या रांगेत उभी होते. इतक्या वर्षांत आई माझ्या इथल्या जागेला तिकडे म्हणायची. तिकडे पाऊस आहे का, तिकडे भाजी मिळते का, तिकडे ईरा नीट जेवते का. घर म्हणायची ती साताऱ्याला, आणि मीसुद्धा तिच्याशी बोलताना इथल्या जागेला फ्लॅट म्हणायची, तिला वाईट वाटू नये म्हणून. आज तिनं सहज विचारलं होतं, भाजीचा भाव विचारावा तसं. माझे डोळे भरून आले आणि शेजारी सायकल काढणाऱ्या माणसानं अदबीनं दुसरीकडे बघितलं.

"पोचतेच आहे, आई," मी म्हटलं आणि सायकलचं कुलूप काढलं.